काढता पाय

गेल्या मंगळवारी ठाण्यात, कोलशेत रोडवर आमच्या गाडीने मान टाकली. नवऱ्याची फिजिओथेरपी उरकून नुकते निघालो होतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंब मारायचं आणि गाडी मात्र ढिम्म. नशिबाने पुढेच एक गॅरेज होतं. दोन रिक्षावाल्यांनी ढकलत तिथवर नेऊन दिली. मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "क्लच प्लेट गेली, मॅडम. सगळा सेटच बदलावा लागेल. दुपार होईल." मग जरा थांबून विचारलं, "जळका वास नाही आला का? बरेच दिवस येत असणार."

"आला होता ना."

"मग?"

"मला वाटलं, कंपनीचा आहे."

तो नुसता बघत राहिला. ठाण्याचा माणूस, त्याला काय कळणार. डोंबिवलीत एमआयडीसीच्या शेजारी ज्याची हयात गेली, त्याच्या नाकात काहीही शिरलं तरी त्याला एकच उत्तर सुचतं. कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी नेलपॉलिशचा, कधी नुसताच डोळ्यांना झोंबणारा. आम्ही खिडकी लावतो, 'कंपनीने सोडला वाटतं' म्हणतो आणि पुन्हा भाजी चिरायला बसतो.

माझं हे उत्तर ऐकून ज्याला एका क्षणात सगळं कळलं असतं असा माणूस मला एकच माहीत आहे. माझे ड्रायव्हिंगचे मास्तर.

नवऱ्याला डोंबिवलीला सोडून पुन्हा गाडी न्यायला यायचं, एवढं त्राण माझ्यात नव्हतं. गॅरेजवाल्याने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून दिल्या. नवरा बसल्या बसल्या डुलक्या काढू लागला. गाडीच्या पोटाखालून गिअरबॉक्स उतरवायचं काम सुरू झालं आणि मी मास्तरांचा विचार करत बसले.

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्कूल म्हणावं असं काही नव्हतं. एक जुनी पांढरी गाडी, टपावर लाल अक्षरांची पाटी आणि डावीकडच्या सीटवर मास्तर. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, तसा तिथे होता. गाडीत बसले की मास्तर आधी डाव्या पायातली चप्पल काढायचे. फक्त डाव्या. "चपलेतून क्लच कळत नाही," म्हणायचे. मग मध्येच चहाची तल्लफ आली की तसेच उतरायचे. एका पायात चप्पल घातलेला, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातला हा किडकिडीत माणूस टपरीपाशी उभा राहून शांतपणे चहा पितोय, हे दृश्य एमआयडीसीतल्या वॉचमन लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी हसायचंसुद्धा नाही.

डावं आणि उजवं हे शब्द त्यांना मंजूर नव्हते. "ईस्टला घ्या", "वेस्टचा आरसा बघा", अशी त्यांची भाषा. ईस्ट म्हणजे उजवं, वेस्ट म्हणजे डावं. डोंबिवली स्टेशनात कल्याणकडे तोंड करून उभं राहिलं की ईस्ट उजव्या हाताला येतं, त्यावरून. गाडीचं तोंड कुठेही असो, यात बदल नाही. "माणूस गडबडीत डावं-उजवं विसरतो, मॅडम. डोंबिवलीकर ईस्ट-वेस्ट नाही विसरत. मुलगी बघायला जायचं असेल तरी आधी तेच विचारतो." त्यांची एक विद्यार्थिनी आरटीओच्या टेस्टला गेली. इन्स्पेक्टर म्हणाला, "राइटला घ्या." तिने विचारलं, "म्हणजे ईस्टच ना?" ती नापास झाली. मास्तरांना फार वाईट वाटलं, पण पद्धत काही बदलली नाही. "इन्स्पेक्टर बाहेरगावचा असणार," एवढंच म्हणाले.

शिकणाऱ्यांची नावंही ते लक्षात ठेवत नसत. ज्याची जी खोड, तीच त्याची हाक. एक 'ब्रेकवाल्या काकू' होत्या, एक 'झोपलेला इंजिनियर' होता. मी 'सॉरी मॅडम', कारण समोर सायकलवाला येवो की कुत्रं, मी काच खाली करून सॉरी म्हणायची. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. दिवसभर कुणाला ना कुणाला सॉरी म्हणायची सवय.

मला हौस म्हणून गाडी शिकायची नव्हती. नवऱ्याला लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. पाण्यालाही 'ते' म्हणायचा आणि मलाही 'ते' म्हणायचा. आठवड्यातून दोनदा कोलशेतच्या सेंटरवर न्यायला सांगितलं होतं. डोंबिवलीहून कॅब बुक केली की ड्रायव्हर फोन करून विचारायचा, "किधर जाना है?" आणि ऐकून कॅन्सल करायचा. कुणी आलाच तर नवऱ्याला लवकर चढता येत नाही म्हणून वैतागायचा. आमची गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. ती चालवणारा वर पलंगावर पडून होता. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, त्यात जे परत येईल ते येईल. ते महिने कॅबवाल्यांची वाट बघण्यात चालले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चालले होते. म्हणून शाळेच्या आधी, सकाळी सकाळी, मी मास्तरांच्या गाडीत जाऊन बसायला लागले.

क्लच सोडायला मास्तर कधी 'सोडा' म्हणाले नाहीत. म्हणायचे, "आता काढता पाय घ्या."

पहिल्या दिवशी मी काढता पाय घेतला तो सगळे घेतात तसाच, झटकन. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. मास्तरांनी सुस्कारा सोडला. ते ओरडायचे नाहीत, सुस्कारे सोडायचे.

"लोकांना वाटतं, काढता पाय म्हणजे पळ काढणं. तसं नाय, मॅडम. आपण कुणाकडे गेलो की एकदम उठून चालायला लागतो काय? आधी म्हणायचं, चला, निघतो. मग परत बसायचं. मग उठायचं. मग दारात जायचं. आणि खऱ्या गोष्टी कुठे होतात? दारात. मुलीचं जमलं काय, शुगर किती आली, सगळं दारात. तिथे थांबला नाय तर त्या माणसाला वाईट वाटतं. हिलापण वाटतं. मग ही बंद पडते."

मी पुन्हा पाय उचलायला लागले. गाडीला जराशी थरथर सुटली, इंजिनाचा आवाज जड झाला. "हां. हे दार. थांबा दारात. घाई नको. आता येतो म्हणा आणि काढा पाय."

एकदा नव्वद फुटी रस्त्यावर गाडी प्रत्येक चौकात बंद पडत होती. रात्री नवऱ्याने झोपू दिलं नव्हतं. मी चिडून म्हटलं, "येते कशाला? जाते म्हणते मी. जातेच आता घरी."

मास्तर एकदम गंभीर झाले. गाडी बाजूला घ्यायला लावली. "जाते म्हणू नये, मॅडम. कधीच नाय. येते म्हणावं." मग चहा पाजला. तेव्हाही एकाच पायात चप्पल होती.

सगळ्यांना काढता पाय शिकवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पाय मात्र त्याच्या क्लचवरून कधी हलत नसे. आपण चुकणार हे त्यांना आपल्याआधी कळायचं आणि त्यांचा उघडा पाय खाली जायचा. गाडी बंद पडायची वाचायची, आपल्याला वाटायचं आपण शिकलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणा ना कुणाचा क्लच ते दाबत असायचे. उतरताना दार धरून थोडा वेळ उभे राहायचे. "वेस्टचा गुडघा," म्हणायचे, आणि पुढचा विद्यार्थी बसला की पुन्हा आत. इतका थकलेला माणूस मी तोवर फक्त आरशात पाहिला होता. कदाचित म्हणूनच माझं त्यांच्याशी जमलं.

आणखी एक खोड होती. गाडी चालू असताना दर थोड्या वेळाने विचारायचे, "वास येतोय का कसला?" कुणी 'नाही' म्हणालं की "बरं". कुणी 'येतोय, कंपनीचा' म्हणालं की "बरं, काच लावा." आम्हाला वाटायचं, एकेकाची सवय असते, काही लोक उगाच किती वाजले विचारतात तसं.

एका सकाळी ठाकुर्लीच्या पुलावर चढणीला गाडी थांबवून पुन्हा काढायचा सराव चालला होता. मी दारात थांबत होते. फार थांबत होते. अर्धा क्लच, वर ॲक्सिलरेटर, गाडी तिथल्या तिथे गुरगुरतेय. मास्तरांनी विचारलं, "वास येतोय का?"

"येतोय. कंपनीचा."

"काच लावा."

मी काच लावली आणि पुन्हा चढणीला लागले. थोड्या वेळाने मास्तर पुन्हा म्हणाले, "वास?" मी म्हटलं, "आज जरा जास्तच सोडलाय." ते म्हणाले, "नाल्यात सोडला असेल." आणि मग इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागली. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या दोघांच्या आयांचा उद्धार केला.

त्यांचा एक जुना दोस्त कल्याणला गॅरेज चालवायचा. गाडी ओढत तिथे नेली. दोस्ताने क्लच प्लेट काढून आमच्यापुढे धरली. तिच्यावरचा खरखरीत थर पार उडाला होता, खालचे रिव्हेट दिसत होते आणि पत्रा करपलेल्या तव्यासारखा निळा-काळा पडला होता. आता मात्र मी ओळखला. पुलावर येत होता तोच वास.

"अहो बाई, एवढं जळेपर्यंत काय करत होता?" दोस्त म्हणाला. "ह्याला सोडा, ह्याला वास कुठे येतो!"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते दुसऱ्या पायातली चप्पल शोधल्यासारखं करत होते.

"ॲसिड प्लँटवर होतो," शेवटी म्हणाले. "कंपनी बंद झाली, आम्ही सगळे बाहेर पडलो. नाक तिथेच राहिलं." मग हळू आवाजात, "कुणाला बोलू नका, मॅडम. घरी हिला माहितीये, ह्याला माहितीये. क्लच जळलेला कळत नाही त्याच्याकडे कोण शिकायला येईल? म्हणून विचारत असतो. तुम्ही पोरं सांगता त्यावर चाललंय."

मी पन्नाशीला टेकलेली बाई, मलाही ते पोरांत धरत होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. या माणसाने डोंबिवलीकरांच्या नाकावर विसंबून गाडी चालवायला काढली होती, आणि डोंबिवलीकरांचं नाक म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे.

मला लायसन्स मिळालं. पण लायसन्स मिळणं वेगळं आणि शिळफाट्याहून मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या रांगेत चढणीला उभं राहणं वेगळं. आता ठाण्याला थेट नेणारा माणकोलीचा पूल झालाय, तेव्हा तो नव्हता. मी मास्तरांना म्हटलं, "एकदा बरोबर या." ते आले. आमच्या गाडीत डावीकडे बसले आणि डाव्या पायातली चप्पल काढली. आमच्या गाडीत त्यांच्या पायाखाली नुसतं मॅट होतं. दोघांनीही ते पाहिलं. नवरा मागच्या सीटवर, उशी लावून.

व्हायचं तेच झालं. बायपासवर चढणीला सगळं ठप्प. गाड्या वीतभर सरकायच्या आणि थांबायच्या. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मास्तरांचा उघडा पाय मॅटवर दाबला जाताना मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता, पण त्याने काही होणार नव्हतं. गाडी मागे जाईल या भीतीने मी अर्ध्या क्लचवर तशीच लोंबकळत राहिले.

"वास येतोय का?" मास्तर म्हणाले.

"येतोय," मी म्हटलं. "कंपनीचा."

मागून आवाज आला. "मुंब्र्यात... कंपनी... कुठे?"

मी मान वळवली. कितीतरी दिवसांत नवऱ्याने जुळवलेलं ते पहिलं वाक्य होतं. 'ते' नाही, 'हे' नाही. गावाचं नाव, प्रश्न, आणि वर माझी चूक. अगदी पूर्वीसारखा.

"हँडब्रेक!" मास्तर ओरडले. आयुष्यात एकदाच ओरडले असतील. मी हँडब्रेक ओढला, क्लच सोडून गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून हसले की रडले ते मलाही सांगता येणार नाही. मागे नवरा तिरक्या तोंडाने हसत होता. मास्तर त्याच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, नाक चांगलंय तुमचं. मॅडमना सांगत जा." मग मला म्हणाले, "पुढचा हलला की सुरू करा. आधी दार शोधा. सापडलं की मग हँडब्रेक सोडा. ती मागे नाय जात. दारात उभ्या माणसाला कोण ढकलतं?"

त्या दिवशी आम्ही कोलशेतला पोचलो. त्यानंतर प्रत्येक वेळी पोचलो. नवरा पुढे बसायला लागला, मग काठी घेऊन चालायला लागला. शब्द एकेक करून परत आले; काही आले नाहीत, त्यांच्यावाचून आम्ही भागवतो.

दिवाळीत नवराच म्हणाला, "मास्तरांकडे... जाऊ." फराळाचा डबा घेऊन आम्ही ठाकुर्लीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये गेलो. तो कठडा धरून जिना चढला, त्यांना दाखवायचंच होतं ते. दाराला कुलूप. खाली गाडीही नव्हती. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"गेले ते, गावाला. गाडी विकली. दोघंही गेले."

"कधी येणार?"

"नाही येणार आता." बाईंनी आवाज उतरवला. "त्यांच्या मिसेस चार दिवस माहेरी गेलेल्या. हे एकटेच. गॅस चालू राहिला आणि ह्यांना पत्ताच नाही. आम्हालासुद्धा आधी वाटलं, कंपनीचाच आहे. खिडक्या लावून बसलेलो. नशीब, माझ्या सासूबाई म्हणाल्या की हा जिन्यातून येतोय. दार ठोठावून काढलं त्यांना. त्यानंतर महिन्याभरात आवरलं सगळं."

मी म्हटलं, "अहो, पण निदान कळवायचं तरी! आम्ही इतकी माणसं..."

"मीपण तेच बोलले. म्हटलं, मास्तर, असं न सांगता कसं जाता? तर म्हणाले, येतो म्हणालो तर खोटं. आणि जातो म्हणवत नाय."

फोन लावला, तो बंद होता. फराळाचा डबा त्या बाईंनाच दिला. जिना उतरताना मला संताप आला होता. अजूनही येतो. एवढं दारात थांबायला शिकवणारा माणूस, आणि स्वतः गेला तो असा. उडी मारून आमची गाडी बंद पाडून. गावाचं नाव त्यांनी कधी सांगितलं होतं का, ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. 'कोकणात' एवढंच म्हणायचे. आपल्याकडे निम्मी डोंबिवली कोकणातलीच आहे.

"मॅडम, झाली गाडी."

मेकॅनिकने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. मी ती नाकाशी धरली. तो पुन्हा माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला. मी नवऱ्याला डावीकडे बसवलं, त्याचा पट्टा लावला आणि उजवीकडे येऊन गाडी सुरू केली. गॅरेजच्या तोंडाशी रस्त्यापर्यंत छोटासा चढ होता. मी नेहमीसारखा पाय काढला आणि गाडी धाडकन बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. रस्त्यावरचा एक बाइकवाला गंमत बघायला थांबला.

"नवीन क्लच आहे, मॅडम," मेकॅनिक म्हणाला. "जुना पार वर यायचा तेव्हा पकडायचा. हा खालीच पकडणार. मी काढून देऊ का रस्त्यावर?"

इतक्या वर्षांनी मी पुन्हा पहिल्या दिवसावर आले होते. मला इतका थकवा आला की हो म्हणून उतरावंसं वाटलं. दारावर हातही ठेवला.

"थांब," नवरा म्हणाला. तो समोर बघत होता. शब्द गोळा करताना तो असाच समोर बघतो. "दार... बदललंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. बायपासवर तो मागे बसून सगळं ऐकत होता तर.

"खाली... असेल. शोध."

मी डाव्या पायातली चप्पल काढली. उघड्या पायाने क्लच पूर्ण दाबला आणि अगदी थोडा, अगदी थोडा वर येऊ दिला. कुठे काही नाही, कुठे काही नाही, आणि मग तळव्याला ती थरथर लागली. खूप खाली. मी तिथेच थांबले. मागे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, वाजवला असता तरी थांबले असते.

मेकॅनिक हात पुसत खिडकीशी आला होता. नवऱ्याने त्याच्याकडे मान वळवली, डावा हात उचलला आणि न अडखळता, सरळ म्हणाला, "येतो."

"अहो साहेब!" मेकॅनिक हसायला लागला. "गॅरेजवाल्याला येतो नका म्हणू!"

"मग काय म्हणू?" नवरा म्हणाला.

मेकॅनिक हसत हसत खिडकीवर हात टेकून उभा राहिला. आम्ही तिघंही तसेच दारात थांबलो, तो बाहेर, आम्ही गाडीत. मग मी हळूहळू पाय काढला.